घोडा हात लावू देतो, पण भरवसा ठेवत नाही? या चुका टाळा

अकलूजच्या बाजारातून किंवा एखाद्या वरातीवाल्याकडून घोडा घरी येतो. चार दिवस कौतुकात जातात आणि पाचव्या दिवसापासून तक्रारी सुरू होतात. दावं सोडलं की हाती लागत नाही, मोरकी (तोंडाभोवती अडकवायची दोरी) घालताना मान वर उचलतो, खोगीर दिसलं की कान पाडतो, टेम्पोत तर चढतच नाही. एक जण सांगतो, ‘अडेल आहे, दोन चाबूक ओढा.’ दुसरा मोबाईलवर नॅचरल हॉर्समनशिपचे, म्हणजे मारझोड न करता घोड्याच्या स्वभावाने शिकवण्याचे, व्हिडिओ दाखवतो, की खिशात गुळाचे खडे घालून प्रेमाचा मार्ग सुरू. बहुतेक वेळा दोन्ही उपाय फसतात, कारण आपण नेमकं काय बरोबर केलं हे घोड्याला दोन्हींतून कळत नाही.

दोर ओढता येतो, सोडता येत नाही

अमेरिकेत टॉम डोरन्स, रे हंट अशा जाणत्यांनी ही नॅचरल हॉर्समनशिपची जी पद्धत रुजवली, तिचा गाभा दाब आणि सुटका एवढ्यातच आहे. दाबामुळे घोडा फक्त उत्तर शोधू लागतो. उत्तर सापडलं हे त्याला दाब सुटल्यावर कळतं. म्हणून सुटकेची वेळ चुकली की सगळंच चुकतं.

साधं उदाहरण घोड्याला पुढे चालवण्याचं. बारा फुटी, 12 ते 14 मिलिमीटर जाडीचा मऊ दोर घ्या. दोरीची मोरकी वापरत असाल तर नाकावरचा पट्टा गालाच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटांवर हवा. त्याहून खाली गेला तर तो मऊ कूर्चेवर दाबतो आणि घोडा श्वासासाठी झगडू लागतो. थेट तोंडासमोर न राहता थोडं बाजूला उभे राहा. दोर हळूहळू ताणा आणि तेवढाच ताण धरून थांबा. झटका देऊ नका. घोडा आधी उलटा रेटेल. त्यात हट्ट नसतो, डोक्यामागे दाब आला की विरुद्ध जाणं हा त्याचा स्वभावच आहे. तो मागे सरकला तर त्याच्यासोबत जा, पण ताण वाढवू नका आणि कमीही करू नका.

आता पायांकडे आणि खांद्याकडे बघा. पाऊल उचलण्याआधी घोड्याचं वजन हलतं, छाती जराशी पुढे कलते. त्याच क्षणी दोर सोडा, इतका की त्याला झोळ पडला पाहिजे. एका सेकंदाच्या आत. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर त्याने मान वर झटकलेली असते आणि बक्षीस मान झटकण्याला मिळतं. सोडल्यावर दहा सेकंद काहीच करू नका, थोपटूही नका. पाच-सहा वेळा हे जमलं की त्या दिवसापुरता पाठ संपला.

आपल्याकडची सर्रास चूक म्हणजे हनुवटीखाली मोरकीलाच हात घालून घोडा चालवणं. तिथे दाब कधीच सुटत नाही. घोडा बधिर होतो, मग जाड मोरकी येते, मग काटेरी लगाम. स्वार झाल्यावर दर पावलाला टाच मारत राहणं हीसुद्धा याच जातीची चूक. आधी हलका इशारा, मग थोडा जोर, मग आणखी थोडा, आणि उत्तर आलं की पूर्ण शांत.

दुखण्याला हट्ट समजू नका

खोगीर पाहून कान पाडणाऱ्या घोड्याची पाठ आधी तपासा. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी मध्यम दाब देत मागे जा. एका जागी कातडी थरथरली किंवा पाठ खाली गेली तर ती जागा दुखते आहे. खोगीर काढल्यावर घामाने ओल्या पाठीवर सुके ठिपके दिसले तर खोगिराचा भार तिथे एकवटला असण्याची शक्यता मोठी. लगाम लागताच तोंड उघडत असेल तर दाढांना धार आली असेल. वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून दाढा घासून घ्याव्या लागतात. लगामाची कडी ज्या मोकळ्या हिरडीवर बसते, तिथे जखम आहे का तेही बघा. सहा ते आठ आठवड्यांत नालबंद आला नसेल तर चालीबद्दल तक्रार करूच नका.

पोटाचंही तसंच. घोड्याचं जठर लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरतं, म्हणून पाच-सहा तास रिकाम्या पोटी उभा असलेला घोडा चिडका होतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा लागतो, तोही विभागून. आपल्याकडे कडबा मुबलक, पण नुसत्या कडब्यावर प्रथिनं कमी पडतात, जोडीला लसूणघास हवा. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घोड्यापुढे टाकू नका, तिच्यातल्या विषाने मागचे पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

बावीस तास बांधलेला, वीस मिनिटं लाडका

अगाडी-पिछाडी (पुढून-मागून दोर) लावून दिवसभर बांधलेल्या घोड्याशी वीस मिनिटांत नातं जुळत नाही. हा कळपाचा प्राणी आहे. रोज काही तास मोकळं फिरणं आणि शक्यतो दुसऱ्या घोड्याची सोबत हवी. घोडा नसेल तर शेळी, अगदीच काही नाही यापेक्षा बरी. घोडे एकमेकांची आयाळ संपते तिथला उंचवटा दातांनी खाजवतात. तिथे बोटांनी जोरात खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, वरचा ओठ लांबतो. कपाळावर थापट्या मारण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. कपाळासमोरचं जवळचं त्याला दिसतही नाही, तसंच थेट शेपटीमागचंही. म्हणून जवळ जाताना खांद्याच्या रोखाने, तिरपं, बोलत जा.

हाती न लागणारा घोडा

खुराकाचं घमेलं दाखवून बोलवायचं आणि आला की झडप घालायची, हे दोनदा चालतं. त्यापेक्षा चारातले तीन वेळा मोरकी घाला, खाजवा, मोरकी काढा, निघून जा. जवळ जाताना घोड्याने मान वळवून दोन्ही कान तुमच्याकडे केले की दोन पावलं मागे सरा. ही त्याच्यासाठी सुटकाच आहे. गूळ-गाजर द्यायचंच असेल तर तोंड तुमच्या खिशापासून दूर, सरळ असताना द्या, घमेल्यात टाकून. खिसा हुंगताना दिलं तर महिन्याभरात चावा बसतो.

गोल रिंगणात दमवणं

पन्नास-साठ फुटी गोल रिंगणात घोडा मोकळा फिरवायचा आणि तो आपणहून जवळ आला की ‘जोडला गेला’ म्हणायचं, हे व्हिडिओत फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात चाबूक फटकारत अर्धा तास पळवलेला घोडा दमून उभा राहतो. ओठ चाटणं, चघळणं म्हणजे शरणागती नव्हे, ताण गेल्यावरही ते होतं. रिंगणाच्या आतल्या बाजूचा कान तुमच्याकडे वळला की लगेच खांदे सैल सोडा, मागे वळा, थांबू द्या. एवढ्यासाठी दोन-तीन फेऱ्या पुरतात. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात हे काम सकाळी आठच्या आत, पंधरा मिनिटांत आटपा. भेगाळलेल्या काळ्या रानात तर अजिबात नको, पाय मुरगळतो. मुरूम टाकून वर वाळू पसरलेली जागा बरी.

डोळे शून्यात, नाकपुड्या घट्ट, कान जिथल्या तिथे, अंगावर काहीही टाका हलत नाही: हा घोडा शांत नाही, त्याने हात टेकले आहेत. बँड, डीजे, फटाक्यांत ‘सवय’ लावलेल्या वरातीच्या घोड्यांत ही अवस्था बऱ्याचदा दिसते, आणि एखाद्या दिवशी तोच घोडा चौखूर उधळतो. आवाजाची सवय लांबून लावा. पन्नास फुटांवर स्पीकर, आवाज बारीक. मान खाली आली, लांब श्वास सुटला की आवाज बंद. उड्या मारत असताना बंद केला तर तो उड्या मारायलाच शिकेल, म्हणून मुळात उडी मारावी लागेल इतक्या जवळून सुरुवातच करू नका.

टेम्पो

बाजारात एक दृश्य नेहमीचं: पुढून दोघे ओढतात, मागून कासरा आवळतात, एक जण कान पिळतो. घोडा चढतो खरा, पण पुढची सहा महिने मोरकी घालताना कानाला हात लावू देत नाही.

घोड्याच्या डोळ्यांना उजेडातून अंधारात रुळायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. दुपारच्या उन्हात ताडपत्री घातलेला टेम्पो त्याला विहिरीसारखा दिसतो. ताडपत्री वर करा किंवा सकाळी भरा. टेम्पोचा मागचा भाग बांधाला किंवा मातीच्या उंचवट्याला लावा, उंची निम्मी होते. तळाला रबरी मॅट किंवा वाळू हवी, पत्र्यावर नाल घसरला की दुसऱ्यांदा तो पाय ठेवत नाही.

पहिल्या दिवशी फक्त टेम्पोकडे तोंड करून वास घेतला की सोडा. दुसऱ्या दिवशी एक पाय वर, लगेच तुम्हीच मागे घ्या, त्याने ओढून घेण्याआधी. मग दोन पाय, मग चारही, आणि लगेच खाली. आत चारा ठेवा, इंजिन बंद. तो स्वतःहून आत उभा राहून खाऊ लागेपर्यंत मागचं फाळकं लावू नका. दावं बांधण्याआधी फाळकं लावा, उतरवताना आधी दावं सोडा मग फाळकं. हा क्रम उलटला तर मागे सरकणारा घोडा दाव्याने अडकतो, घाबरून मान ताणतो आणि आठवडाभराची मेहनत एका झटक्यात जाते.