तळताना माशावरचे आवरण सुटत असेल तर

गोठवलेल्या बासाचे तुकडे ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळले, की आमच्याकडे निम्मे आवरण तव्यातच राहत असे. मुले तो कुरकुरीत चुराच आधी वेचून खात, ही गोष्ट वेगळी. दोष मसाल्याचा नसून पाण्याचा होता, कारण गोठवलेला मासा बर्फ वितळताना बरेच पाणी सोडतो आणि तापलेल्या तेलात त्याची वाफ होऊन ती आवरणाला आतून ढकलते. ओले बोंबील तळण्याआधी चिरून वजनाखाली दाबतात, त्यामागचे कारणही हेच.

म्हणून मासा रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवला, मीठ-हळद लावून दहा मिनिटांनी सुटलेले पाणी सुती फडक्याने टिपले आणि लिंबू पिळणे वाढण्याच्या वेळेवर ढकलले. मग आधी तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यावर फेटलेले अंडे आणि शेवटी चुरा, असा क्रम ठेवला. कोरडे पीठ उरलासुरला ओलावा शोषते आणि अंड्याला धरायला जागा देते. घोळवलेले तुकडे १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून, चुऱ्याची चिमूट टाकताच फसफसेल इतक्या तापलेल्या तेलात सोडले. खालची बाजू सोनेरी होईपर्यंत उलथणे लावू नये. चुऱ्याऐवजी बारीक रवाही चालतो. मला तर तोच अधिक आवडतो.