'शटर आयलंड' दुसऱ्यांदा कसा पाहावा

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा २०१० सालचा 'शटर आयलंड' ज्यांनी एकदाही पाहिलेला नाही, त्यांनी येथेच थांबावे. शेवट उघड केल्यावाचून पुढचे काहीच सांगता येणार नाही.

पहिल्या वेळी आपण मार्शल (अमेरिकेचा केंद्रीय पोलीस अधिकारी) टेडी डॅनियल्सच्या मागोमाग बॉस्टनजवळच्या बेटावरील मनोरुग्णालयात शिरतो आणि पळालेली रुग्ण रेचेल शोधू लागतो. दुसऱ्या वेळी टेडीकडे शक्यतो पाहूच नये. लिओनार्डो डिकॅप्रिओचा चेहरा नजर खेचून घेतो हे खरे, तरी तो बोलत असताना भोवतालची माणसे काय करीत आहेत तिकडे लक्ष ठेवावे. कारण टेडी हा तिथलाच रुग्ण आहे आणि ते तिथल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे.

सुरुवात फाटकापासून करावी. सशस्त्र रक्षक पाहुण्यांना पाहून इतके सावध का होतात, याचा उलगडा आता होतो. पिस्तुले जमा करताना टेडी सराईतपणे ते काढून देतो, तर त्याचा जोडीदार चक पट्ट्याशी झटापट करीत राहतो. चक म्हणजे डॉक्टर शीहान, त्याला शस्त्राची सवय कुठून असणार? नंतर एका रुग्ण बाईला शीहानविषयी विचारले जाते तेव्हा तिची नजर क्षणभर चककडे वळते. हा प्रसंग दोनतीनदा मागे नेऊन पाहावा. ती पाणी पिते त्या एका शॉटमध्ये तिच्या हातात पेलाच नसतो, आणि पुढच्याच शॉटमध्ये ती पेला खाली ठेवते. ही संकलनातील चूक मानू नये. टेडीची मुले पाण्यात बुडून मेलेली आहेत, म्हणून पाणी तो मनाआड करतो, आणि जिथे आग किंवा काडीचा उजेड दिसतो तिथे त्याचे भास बळावतात. एकदा ही खूण ओळखली की प्रत्येक दृश्यात आधी 'पाणी की आग' एवढेच तपासावे.

संगीताकडे फार वेळ देण्याची गरज नाही. ते या चित्रपटासाठी रचलेले नसून संगीतकार रॉबी रॉबर्टसन यांनी आधीच्या रचनांमधून निवडलेले आहे. मात्र कथेचा काळ ध्यानात ठेवावा. साल १९५४ आहे. मेंदूवरील लोबोटॉमी या शस्त्रक्रियेसाठी इगाश मोनिश यांना १९४९ मध्ये नोबेल मिळाले होते, आणि क्लोरप्रोमझीन हे मनोविकारांवरचे औषध अमेरिकेत नुकतेच येत होते. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर कॉली एवढे मोठे नाटक का रचतात, हे शस्त्रक्रियेचा मार्ग की दुसरे उपचार, या ओढाताणीतच कळते. दीपगृहातील त्यांचा खुलासा मला आजही लांबलेला वाटतो. तो भाग कंटाळवाणा वाटल्यास स्वतःला दोष देऊ नये.

शेवटच्या पायऱ्यांवरील दृश्यात मात्र आवाज वाढवावा आणि फक्त शीहानकडे पाहावे. तो 'टेडी' अशी हाक मारतो, समोरचा माणूस वळत नाही, आणि त्याला सगळे आठवत असूनही तो शस्त्रक्रियेकडे चालला आहे की काय, ही शंका शीहान झालेल्या मार्क रफालोच्या चेहऱ्यावर उमटते.