पहिला गेमिंग पीसी जोडताना पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नका

बजेट आखताना आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा, कारण गेमचा खरा भार तेच उचलतं. पण उरल्या पैशांत मिळेल तो पॉवर सप्लाय, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, घेऊ नका. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात विजेचा लपंडाव. माझ्या पहिल्या पीसीत बिननावाचा स्वस्त डबा होता. भर दुपारी गेम रंगात आला असताना जळका वास आला, स्क्रीन काळी झाली. सप्लाय गेला तो गेलाच, मदरबोर्डही घेऊन गेला! मधल्या दर्जाच्या कार्डाला ‘८० प्लस ब्रॉन्झ’चा (वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र) ५५० वॉटचा सप्लाय सहसा पुरतो. वॉरंटी पाच वर्षांची बघा.

कॅबिनेटला पुढून काच नको, जाळी हवी. काचेमुळे हवा आत यायला जागाच राहत नाही. आपल्याकडची धूळ माहीतच आहे, तेव्हा फिल्टर दर पंधरवड्याला झटका.

रॅम १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८-८ च्या दोन लावा. इंटेलचा नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीनवर चित्रच येत नाही; कार्ड नंतर घेणार असाल तर तो टाळा. आणि रंगीबेरंगी आरजीबी दिव्यांचे पैसे यूपीएसमध्ये घाला.