काळ्या डुकरिणीची आजी कुठली?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका वाडीत एका काळ्या डुकरिणीच्या कानाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला, नळीवर 'स्थानिक, काळी, मादी' असं लिहिलं आणि पुढचे आठ महिने त्या तीन शब्दांवर विश्वास ठेवला. पाळीव डुकरांचं मूळ डीएनएवरून शोधायला निघालेल्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट आधी सांगते, कारण त्या तीन शब्दांमुळे माझं जवळजवळ वर्ष वाया गेलं.

पीसीआर, प्रायमर, सिक्वेन्सिंग ही डीएनएच्या प्रती काढून तो वाचायची तंत्रं तुम्हाला येत असतील, ती इथे शिकवत बसत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएचा, डी-लूप नावाचा भाग वापरणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की डुकरात तिथे दहा अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो आणि सँगर पद्धतीची डीएनए-वाचणी त्याच्यावरून पुढे गेली की घसरते. आलेखातली शिखरं एकमेकांवर चढतात. नमुना खराब आहे असं वाटून मी तीन वेळा डीएनए काढला होता. नमुना उत्तम होता. पुनरावृत्तीच्या अलीकडचा भाग घ्या आणि शांत झोपा.

आता त्या डुकरिणीकडे येते. तिचा सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, आला तो युरोपीय गटात बसला. कोकणात काळं, लांब तोंडाचं, घरामागे पेज आणि कोंडा खाऊन वाढलेलं डुक्कर, आणि मातृवंश युरोपीय! मला आनंदानं रात्री झोप लागली नाही. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, वेंगुर्ला तिथून हाकेच्या अंतरावर, जहाजांतून डुकरं आली असणार, पाचशे वर्षांची साखळी माझ्या नळीत सापडली, असं सगळं मनात तयार झालं. सेमिनारला स्लाइडवर नकाशा काढून लिस्बनपासून बाणही ओढला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "या मादीची आई, आजी कुठल्या?" मला सांगता आलं नाही.

पुढच्या रविवारी परत त्या वाडीत गेले. घरच्या आजी पडवीत नारळ सोलत बसल्या होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "हिची आजी धवी हुती. झिलान फार्मावरसून हाडलली. हिची आवस पण धवीच. बापूस गावचो काळो." आणि मग माझ्याकडे बघून, "तां तू इचारलंसच नाय गो."

म्हणजे आजी पांढरी, मुलानं फार्मवरून आणलेली, आईही पांढरी, बाप तेवढा गावचा काळा. आणि मी खरंच विचारलं नव्हतं. रंग पाहिला आणि गप्प राहिले.

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण सगळे इथेच अडकतात. पांढरा रंग आपल्याकडे आला तो मुख्यतः लार्ज व्हाइट यॉर्कशायर या जातीतून. तो केआयटी या जनुकातल्या बदलामुळे येतो आणि काळ्यावर भारी पडतो. म्हणजे पांढरी आजी आणि गावचा काळा नर यांची पिल्लं पांढरी. त्यातली एखादी मादी परत काळ्या नराला लागली की तिची साधारण निम्मी पिल्लं काळी. दोन पिढ्यांत रंग गावचा झाला. पण मायटोकॉन्ड्रिया बापाकडून येत नाही, तो आईचा, तिच्या आईचा, तिच्याही आईचा. गावचे कितीही नर आले तरी त्या ओळीत यॉर्कशायरचीच खूण राहणार. डुकरीण 114 दिवसांत विते, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, आणि वर्षाच्या आसपास तिची लेक वितेही. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीची म्हणून मी जी खूण मिरवत होते ती तीन-चार वर्षांपूर्वी टेम्पोतून आली होती.

उलट बाजूही तेवढीच फसवी आहे. आशियाई मातृवंश सापडला म्हणजे जनावर इथलं, असं समजू नका. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चिनी डुकरं नेऊन तिथल्या डुकरांशी मुद्दाम संकर केले गेले. त्यामुळे आजच्या यॉर्कशायरमध्येही आशियाई मातृवंश भेटतो. तोच पांढरा प्राणी तुम्हाला कधी 'युरोप' म्हणून फसवेल, कधी 'आशिया' म्हणून.

मातृवंश हे फक्त माहेरचं एक आडनाव आहे. पाच पिढ्या मागे गेलात तर त्या जनावराचे 32 पूर्वज असतात आणि मायटोकॉन्ड्रिया त्यांपैकी एकीचीच बातमी देतो.

मोठ्या अभ्यासांतही हेच दिसतं, म्हणून धीर सोडू नका. 2005 साली 'सायन्स'मध्ये 686 रानटी आणि पाळीव डुकरांच्या मातृवंशावर काम आलं आणि डुक्कर युरेशियात अनेक ठिकाणी माणसाळवलं गेलं असं चित्र उभं राहिलं. उत्तर भारतही त्या संभाव्य ठिकाणांत होता. मग जुन्या हाडांतला डीएनए निघाला. आजच्या तुर्कस्तानाच्या बाजूनं शेतकऱ्यांबरोबर डुकरं युरोपात गेली, पण पुढे त्यांचा मातृवंश तिथून जवळजवळ पुसला गेला. युरोपात नव्यानं रानडुक्कर पाळलं की संकर झाला? नुसत्या मातृवंशावरून सुटेना. 2019 साली प्राचीन डुकरांचे पूर्ण जीनोम वाचल्यावर कळलं की पाळीव डुकरं हजारो वर्षं तिथल्या रानडुकरांशी मिसळत राहिली आणि आजच्या युरोपीय पाळीव डुकरांत त्या पहिल्या डुकरांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी उरला. युरोपीय आणि आशियाई रानडुकरं तर सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच वेगळी झालेली. ती फाटाफूट इतकी जुनी आहे की गट सहज ओळखता येतो, आणि सहज ओळखता येतो म्हणूनच आपण घाईनं गोष्ट रचतो.

कोकणात रानडुकराचा प्रश्नही आहेच. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत मोकळी सुटलेली मादी रानात जाऊन गाभण होऊन आली तर पिल्लांच्या मायटोकॉन्ड्रियात त्या रानडुकराचा मागमूस नसतो. त्यासाठी बापाकडून नर पिल्लांत येणारं वाय गुणसूत्र पाहा, किंवा पैसे जमले तर एसएनपी चिप, म्हणजे सगळ्या डीएनएतल्या साठ हजार एकेका अक्षराच्या खुणा एकदम तपासणारी पट्टी. पैसे नसतील तर मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे. मायटोकॉन्ड्रिया करूच नका असं मी म्हणत नाही, स्वस्त आहे, सुरुवातीला चांगला आहे. एकट्यावर निष्कर्ष लिहू नका, एवढंच.

जेनबँक या सिक्वेन्सच्या खुल्या साठ्यातून सिक्वेन्स उतरवून, चार नमुने जोडून वंशाचं झाड काढायचं आणि शोधनिबंध म्हणायचं, हा रस्ता मला मनापासून नापसंत आहे. त्या सिक्वेन्ससमोर 'देशी' लिहिलेलं असतं, पण लिहिणाऱ्यानं तरी आजीला विचारलं होतं का? मार्गदर्शक निवडताना मी आता एकच पाहते, ते स्वतः शेवटचे कधी डुकरांच्या खोपटात शिरले होते. माझे मार्गदर्शक विद्वान होते, पण नमुन्याची वही त्यांनी कधी उघडली नाही. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ काकांनी मात्र पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, नळीवर मार्करनं लिहू नकोस, अल्कोहोल सांडलं की पुसतं, पेन्सिलनं चिठ्ठी लिहून आत टाक. पीएचडी नसलेल्या माणसाचं ऐकायला शिका.

परवानग्यांचं सरळ आहे, फक्त वेळ खातं. कानाचा तुकडा घ्यायचा तर प्राणी नैतिकता समिती, रानडुकराचं काहीही घ्यायचं तर वनखातं. 2020 पासून देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग आहे आणि त्यावर इलाज नाही. एका खोपटातून दुसऱ्यात जाताना बूट जंतुनाशकात बुडवा. आपल्या नमुन्यापायी कुणाची नाताळची डुकरं मेली तर ते कुठल्याही पदवीनं भरून येणार नाही.

घरच्यांचं बोलणं लागतं. माझ्या आत्यानं वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तुम्हालाही ऐकावं लागेल, आणि काही महिन्यांनी ते कमी होतं, हे मी अनुभवानं सांगते. काम खरोखर गरजेचं आहे. काणकोणातल्या आगोंद गावाच्या नावानं ओळखली जाणारी आगोंदा गोवन ही काळी जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदली गेली आहे. सिंधुदुर्गातल्या घरामागच्या डुकरांकडे मात्र अजून पुष्कळ बघायचं आहे, आणि पांढरे नर दरवर्षी येतच आहेत.

मी सगळे जुने नमुने बाजूला ठेवले आणि पुन्हा दारोदार फिरले. आता वहीत प्रत्येक जनावराला एक पूर्ण पान आहे. रंग आणि वय शेवटी. वर पहिल्या ओळीत आई कुठली, दुसऱ्या ओळीत आजी कुठली, कुणाकडून आणली, नर कुणाचा लावला. पुरुषांना हे बहुतेक माहीत नसतं, डुकरांना पेज घालणाऱ्या बाईला विचारा, आणि संध्याकाळी पेज घालायच्या वेळेलाच जा.