पाकीट बांधायच्या आधी: हॉस्पिटलच्या फार्मसीतली तयारी

गोळ्या मोजायला बसण्याआधी टेबल रिकामं हवं. रिकामं म्हणजे अगदी रिकामं. मागच्या औषधाचा डबा, उरलेली लेबलं, ट्रेच्या कडेला अडकलेली एखादी गोळी, चहाचा कप, मोबाइल, काही म्हणता काही नको. एका वेळी एकच औषध आणि एकच बॅच. मेटफॉर्मिनची पाकिटं भरून, मोजून, लेबल लावून बाजूला होईपर्यंत दुसरा डबा कपाटातून निघायचा नाही, मग वॉर्डातून कितीही फोन येवोत. ट्रे आणि स्पॅटुला (गोळ्या सरकवायचं चपटं साधन) पुसून कोरडे करून घ्या. गोळीला उघडा हात लावू नका. मेथोट्रेक्सेटसारख्या पेशींना घातक औषधांचा ट्रे वेगळा ठेवा, त्यावर तसं ठळक लिहा आणि तो दुसऱ्या कुणाला उसना देऊ नका.

मुळात गोळी पट्टीतून काढायची गरज आहे का, हे आधी पाहा. बहुतेक वेळा नसते. पट्टी कापायची असेल तर ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते, ते टोक शेवटपर्यंत राखून ठेवा आणि दुसऱ्या बाजूनं कापत या. कापलेल्या तुकड्यावर नुसता चंदेरी कागद उरला, नाव गेलं, तर तो तुकडा लेबल लावलेल्या पाकिटातच जायला हवा, सुटा नाही. काही औषधं मात्र मूळ वेष्टनातून काढायचीच नाहीत. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन तिच्या काचेच्या बाटलीत राहू दे, निफेडिपिनला उजेड सोसत नाही, आणि सोडियम व्हॅल्प्रोएट तर हवेतलं पाणी शोषून घेतं. जून ते सप्टेंबर आमच्या बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तिथल्या घरात सुटी ठेवलेली व्हॅल्प्रोएट मऊ पडून चिकटते आणि फिट येणाऱ्या पोराच्या हातात ती चिकट गोळी पडते. अशा औषधांची यादी टेबलासमोरच्या भिंतीवर लावून ठेवा, डोक्यात नको.

रजिस्टरचं थोडक्यात सांगतो. औषधाचं नाव, ताकद, कंपनी, मूळ बॅच, मूळ एक्स्पायरी, पाकिटं किती, भरली कुणी, तपासली कुणी. भरणारा आणि तपासणारा एकच माणूस नको, रात्रपाळीलाही नको. पट्टीवर ०८/२०२६ असेल तर औषध ऑगस्टअखेरपर्यंत चालतं, पण पट्टीतून काढलेल्या गोळीला ती तारीख तशीच देऊ नये. सहा महिने किंवा मूळ एक्स्पायरी, यांतलं जे आधी येईल ते लिहावं, असं माझं मत आहे. सेफिक्झिम, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम अशी शेड्यूल एच-१ (वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची सरकारी यादी) मधली औषधं डिस्चार्जच्या वेळी दिली तर त्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरात होते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे, त्यामुळं ‘आमच्याकडं अशी पद्धत नाही’ हे उत्तर कुणी देऊ नये.

आता लेबल. इथं वेळ घालवा.

पेशंटचं नाव, आयपी नंबर (भरती झालेल्या पेशंटचा क्रमांक), औषध, ताकद, किती गोळ्या, कधी, किती दिवस, फार्मसीचं नाव आणि पत्ता, एवढं सगळीकडंच असतं. बेळगावच्या काउंटरवर त्याच्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: घरी औषध कोण देणार आणि त्या माणसाला काय वाचता येतं? आडनावावरून भाषा ठरवू नका. पाटील, देसाई, कुलकर्णी मराठी आणि कन्नड दोन्हीकडं आहेत. पाटील दिसले म्हणून मराठी लेबल चिकटवलं आणि माणूस बैलहोंगलचा, घरात सगळी कन्नडच, असं इथं सहज होतं. येळ्ळूरच्या आजी मराठीशिवाय बोलणार नाहीत, पण त्यांना गोळी देणारी नात कन्नड शाळेत शिकलेली असते. चंदगडाहून आलेल्या पेशंटला कन्नड अक्षर म्हणजे नक्षी. म्हणून वेळांची छापील लेबलं दोन गठ्ठ्यांत तयार ठेवा. एकावर सकाळ, दुपार, रात्र, जेवणाआधी, जेवणानंतर. दुसऱ्यावर तेच कन्नड लिपीत: बेळिग्गे, मध्यान्ह, रात्रि, ऊटक्के मुंचे, ऊट आद मेले. ज्याला काहीच वाचता येत नाही त्याच्यासाठी सूर्य आणि चंद्राची चित्रं. औषधाचं नाव मात्र इंग्रजी अक्षरातच ठेवा, कारण अडीनडीला ते पाकीट कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या डॉक्टरनंही वाचायला हवं. पाट्यांच्या भाषेचा वाद चौकात चालू दे, पाकिटावर दोन्ही भाषा सुखानं नांदतात.

आकड्यांचं तर विचारूच नका. हातानं लिहिलेला देवनागरी एक इंग्रजी वाचणाऱ्याला नऊ वाटतो. म्हणून लेबलावर आकडा इंग्रजी आणि शेजारी अक्षरात ‘एक गोळी’. अर्ध्या गोळीसाठी अपूर्णांक लिहू नका, ‘अर्धी’ असंच लिहा. पॉइंट पाच लिहायचं तर आधी शून्य हवं, आणि पाच लिहायचं तर पुढं पॉइंट शून्य नको, कारण टिंब पुसलं की पाचाचे पन्नास होतात. ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) हा आपल्या आणि सिस्टरांच्या समजुतीचा मामला आहे, घरच्यांसाठी वेळ शब्दांत लिहा.

मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ पुरत नाही. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते, आणि रोज घेतली तर रक्तपेशी तयार होणं थांबून जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी ठरवलेला वार मोठ्या अक्षरात घाला, ‘रोज घेऊ नये’ हे लाल अक्षरात घाला, आणि एका महिन्यापेक्षा जास्त गोळ्या एकदम देऊ नका. मग पाकीट हातात देऊन उलट विचारा:

“मावशी, ही कवा घेणार, सांगा बघू.”

“ऐतवारी. जेवल्यावर.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी ही न्हवं, ती पिवळी.”

हे उत्तर आलं की पाकीट सोडायचं. ‘व्हय व्हय, कळलं’ हे उत्तर धरायचं नाही. पिवळी म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. गोळीचा रंग कंपनीगणिक बदलतो, म्हणून पुढच्या खेपेला कंपनी बदलली तर ‘रंग वेगळा, औषध तेच’ हे तोंडानं सांगा आणि लिहूनही द्या.

लहान मुलांच्या औषधांत पॅरासिटामॉलवर डोळ्यात तेल घालून लक्ष हवं. ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५०. ‘पाच मिली द्या’ एवढंच लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्सची बाटली उघडली तर १२५ च्या जागी ५०० पोटात जातं. म्हणून डोस मिलिलिटरमध्ये लिहा, चमच्यात नाही, आणि सोबतच्या मापावर किंवा सिरिंजवर पक्क्या पेननं रेघ मारून द्या. पावडरमध्ये पाणी घालायची अँटिबायोटिकं असतील तर बाटली कधी तयार केली आणि कधी फेकायची, या दोन्ही तारखा हव्यात. क्लॅव्युलॅनेटवाल्या बाटलीला फ्रिज लागतो, म्हणून घरी फ्रिज आहे का ते आधी विचारा. नसेल तर डॉक्टरांना फोन करा, ‘माठाजवळ ठेवा’ म्हणून मोकळे होऊ नका.

लेबल बाटलीवर लावा, खोक्यावर नाही. खोकं सेंट्रल बसस्टँडवर पोचेपर्यंत कचऱ्यात गेलेलं असतं. डोळ्यांच्या थेंबांची बाटली लहान, तिच्यावर झेंड्यासारखं लेबल बांधा आणि छापील एक्स्पायरी झाकू नका. थर्मल प्रिंटरची लेबलं दिसायला छान, पण सॅनिटायझरचा हात लागला की अक्षरं खराब होतात आणि खिडकीतल्या उन्हात आठवड्याभरात फिकी पडतात. महिनाभर चालणाऱ्या औषधाला शाईचं छापील लेबल लावा. गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत निम्मा वॉर्ड घरी जायला निघतो, म्हणून रिकामी छापील लेबलं आधीच मोजून घ्या. ऐनवेळी गठ्ठा संपला की माणूस हातानं लिहितो, आणि घाईतलं ते अक्षर कुणालाच लागत नाही.

वॉर्डात जाणाऱ्या इंजेक्शनांचं वेगळं. इन्सुलिनच्या वायलमध्ये (इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत) एका मिलिलिटरला ४० युनिट की १०० युनिट हे लेबलावर मोठं हवं आणि सिरिंज त्याच जोडीची द्या, ४० ला लाल टोपणाची, १०० ला नारिंगी. ‘युनिट’ शब्द पूर्ण लिहा. नुसतं इंग्रजी यू लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि चाराचे चाळीस होतात. पोटॅशियम क्लोराइडची १५ टक्क्यांची अँप्युल, जिच्या १० मिलिलिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतं, साध्या सलाइन-पाण्याच्या अँप्युलांशेजारी ठेवू नका आणि ‘पातळ केल्याशिवाय देऊ नये’ या पट्टीशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. कॅन्सरवरचं विन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरून पाठवू नये, सलाइनच्या छोट्या पिशवीत द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे. पाठीच्या मणक्यातून देण्याच्या सिरिंजेशी त्याची अदलाबदल झाली तर पेशंट बहुधा वाचत नाही. पिशवीवर ‘फक्त शिरेतून’ हे शब्द लांबून दिसायला हवेत. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन, डोपामिन आणि डोब्युटामिन अशा जोड्या एका फळीवर नकोत.

काम संपल्यावर उरलेली नावा-नंबराची लेबलं मोजा, रजिस्टरात लिहा आणि फाडून टाका, ड्रॉवरमध्ये ‘उद्या लागतील’ म्हणून ठेवू नका. वॉर्डातून सुट्या गोळ्या परत आल्या तर त्या मूळ डब्यात जात नाहीत. सीलबंद, लेबल शाबूत, बॅच जुळतेय अशीच पाकिटं परत घ्या. बाकीच्या गोळ्या नष्ट करायच्या डब्यात टाका आणि वॉर्डाच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) तसा शेरा मारा, म्हणजे महिनाअखेरीला हिशेब मागायला कुणी आलं तर वाद नको.