पिकोस दे युरोपाचा नकाशा वाचताना या चुका टाळा

स्पेनच्या उत्तरेला, समुद्रापासून जेमतेम 20 किलोमीटरवर पिकोस दे युरोपाचे चुनखडकाचे डोंगर उभे आहेत. सह्याद्रीत तयार झालेली नजर इथे हमखास फसते. आपल्या बेसाल्टवरून पावसाचं पाणी ओढ्यानाल्यांनी वाहून जातं. चुनखडकात ते भेगांत शिरतं, दगड विरघळवत खाली उतरतं.

म्हणून वरच्या भागात नकाशावर निळी रेघ नसेल तर नकाशाला दोष देऊ नका. पाऊस भरपूर, हिवाळ्यात बर्फही, तरी वर पाण्याची बोंब. इथली तोर्का देल सेरो ही गुहा 1,589 मीटर खोल आहे. कळसूबाईची उंची 1,646 मीटर, यावरून अंदाज करा. मुरलेलं पाणी पार खाली, कारेस नदीच्या घळीत झऱ्यांतून बाहेर पडतं. पाणी खालूनच भरून घ्या, नाहीतर रेफ्युजवर (डोंगरातल्या मुक्कामाच्या निवाऱ्यावर) मिळतं का ते आधी विचारा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वाट चुकल्यावर ‘उतार धरला की गाव येतं’ असं मानणं. इथे उतार चारी बाजूंनी बंद असलेल्या प्रचंड खळग्यात संपू शकतो. अशा खळग्याला स्थानिक लोक ‘होउ’ म्हणतात. त्यातून ओढा बाहेर पडत नाही, वाटही नाही. आलात तसं चढून परत जायचं. नकाशावर एकात एक बंद वर्तुळं दिसली की टेकडी समजण्याआधी उंचीचे आकडे वाचा. आत जाताना आकडा कमी होत असेल तर तो खळगा. समुद्राकडून धुकं चढलं की हे डोळ्यांना कळत नाही, तेव्हा वाट दाखवणाऱ्या, दगड रचून केलेल्या खुणा दिसेनाशा झाल्या तर शेवटच्या खुणेपाशी परता.

नारांखो दे बुल्नेस हा सुळका (2,519 मीटर) फोटोंत सगळीकडे असतो, पण सर्वोच्च नव्हे. तो मान सुमारे 2,650 मीटरच्या तोर्रे दे सेरेदोचा.

अंतर सरळ रेषेत मोजणं हीसुद्धा नेहमीची चूक. ही सलग रांग नाही. कारेस आणि दुखे या नद्यांनी तिचे तीन तुकडे केलेत, आणि मधल्या घळी हजार मीटरहून खोल. पोंसेबोस ते काईन ही कारेसची वाट जलविद्युत कालव्याच्या देखभालीसाठी खोदलेली, म्हणून बरीचशी सपाट, एका बाजूने 12 किलोमीटर. दोन टोकांमध्ये गाडीने मात्र डोंगराला वळसा घालून दोन तासांहून जास्त लागतात. काईनला कोण घ्यायला येणार हे निघण्याआधी ठरवा, नाहीतर आणखी 12 किलोमीटर पायीच.