पुळणीवर दमलेला समुद्रपक्षी दिसला तर

पावसाळ्यात वारं तीन-चार दिवस एकसारखं लागलं, की खोल समुद्रातले पक्षी कोकण किनाऱ्यावर येऊन पडतात. मास्क्ड बूबी, फ्रिगेट, शिअरवॉटर, काजळी सुरय (सूटी टर्न), कधी चिमणीहून जरासं मोठं स्टॉर्म पेट्रेल. पुळणीवर, सुरूच्या बनात, क्वचित कुणाच्या परड्यातही ते सापडतात.

सगळ्यात घातक चूक भल्या मनानं होते: समुद्राचा पक्षी म्हणून लोक त्याला उचलून लाटेत सोडतात. हे कधीही करू नका. या पक्ष्यांची पिसं एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. पिसांची ही वीण टिकवायला पक्षी दिवसातून कितीतरी वेळ चोचीनं पिसं विंचरतो. उपाशी पक्ष्याला तेवढं बळ उरत नाही. मग पाणी कातडीपर्यंत पोचतं, अंग गार पडतं आणि तो बुडतो. फ्रिगेटची पिसं तर धडधाकट असतानाही भिजतात. तो पाण्यावर उतरतच नाही.

हात लावण्याआधी पाच-दहा मिनिटं लांबून पाहा. हिवाळ्यात कुरव (सीगल) आणि सुरय थव्यानं पुळणीवर वाऱ्याकडे तोंड करून बसतात. ती विश्रांती असते, त्यांना उठवू नका. एकटा पक्षी, पंख लोंबलेले, माणूस जवळ आला तरी उडत नाही, असं असेल तर तो संकटात आहे. शिअरवॉटर पोटावर बसलेला दिसला म्हणून पाय मोडलाय असं मात्र समजू नका. त्याचे पाय शरीराच्या फार मागे असतात, जमिनीवर त्याला नीट उभं राहताच येत नाही.

कुत्रे आणि गर्दी बाजूला करा. हातमोजे, मास्क आणि चष्मा घाला. चष्मा हवाच, कारण बूबी डोळ्यांवर चोच मारतो आणि त्याच्या चोचीच्या कडा करवतीसारख्या असतात. समुद्राच्या बाजूनं जा, नाहीतर तो लाटेकडे पळेल. मोठा सुती टॉवेल डोक्यासकट अंगावर टाका, एका हातानं डोकं मागून धरा, दुसऱ्यानं पंख मिटवून पक्षी कुशीत घ्या. छाती दाबू नका. पक्ष्याचा श्वास छातीचं हाड हलण्यावर चालतो.

चोच दोरीनं किंवा रबरानं बांधू नका. बूबीच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात, पाणकावळ्याच्याही. ते तोंडानं श्वास घेतात, चोच बांधली की गुदमरतात.

सुरयला आंब्याची पुठ्ठ्याची पेटी पुरते. बूबीला साधारण ६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि तेवढंच उंच खोकं लागतं. बोटाएवढी दहा-बारा भोकं पाडा. तळाशी टॉवेलची जाड घडी घाला. नुसत्या वर्तमानपत्रावर पाय घसरतात, कडक तळाला छातीचं हाड घासून जखम होते, आणि पेंढ्याला बुरशी असते, ती समुद्रपक्ष्यांच्या फुप्फुसात चटकन वाढते. एका खोक्यात एकच पक्षी. अंग गार लागलं तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला बाजूला सरकता येईल. खोकं बंद, अंधारात, शांत जागी. फोटोसाठी सारखं उघडू नका, भीतीनंच बरेच पक्षी दगावतात.

खायला काही देऊ नका, ताजी तारलीसुद्धा नाही. शरीर गार आणि कोरडं पडलेलं असताना मासा पचत नाही. चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. चोचीच्या टोकाशी थेंब दिसला तर ती सर्दी नव्हे. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जास्तीचं मीठ असं बाहेर टाकतात.

पायात किंवा पंखात तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) अडकला असेल तर ओढू नका, कात्रीनं कापा. गळ मांसात रुतला असेल तर उलटा खेचू नका. टोक पुढे काढून काटा कापावा लागतो, ते पशुवैद्यावर सोडा. गळ गिळलेला असेल तर तोंडाबाहेरचा तंगूस वीतभर तरी तसाच राहू द्या. त्याच्याच आधारानं डॉक्टर गळापर्यंत पोचतात.

खोकं बंद झालं की लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जागा, वेळ आणि पक्ष्याची अवस्था सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार असा पक्षी घरी ठेवून घेता येत नाही. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर बर्ड फ्लूची शक्यता असते. हात न लावता पशुसंवर्धन विभागालाही कळवा.

सोडायची घाई वनविभागालाही करू देऊ नका. पक्षी स्वतःहून खात असला, वजन वाढत असलं आणि पिसांवरून पाण्याचे थेंब ओघळून जात असले, तरच तो तयार समजायचा. सोडताना वारा पडलेला हवा. पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली धातूची कडी असेल तर ती काढू नका. तिच्यावरची अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे उतरवून, फोटोसकट, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) पाठवा.